अंगठ्याचं हाड बाहेर आलंय: ऑपरेशन करावं का, आणि केलं तर पुढचे महिने कसे जातात

बेळगाव भागात व्यायामासाठी माझ्याकडे येणाऱ्यांत पायाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेल्या बायका बऱ्याच असतात, आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो: "करून घेऊ काय नको?" ऑपरेशन करणारी मी नव्हे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ते पाय माझ्या हाताखालून जातात, एवढंच. त्यावरून सांगते, तासाभराच्या ऑपरेशनची चौकशी सगळे करतात, त्यानंतरच्या सहा आठवड्यांची कोणी करत नाही. पाणी कोण भरणार, परसातल्या संडासापर्यंत कसं जायचं, तेवढ्यात भाताची लावण आली तर काय, यातल्या कशाचाही विचार न करता तारीख घेतली जाते. या लेखात ऑपरेशनइतकीच जागा मी या प्रश्नांना दिली आहे.

आधी, हे नक्की तेच आहे का?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर याला हॅलक्स व्हॅल्गस किंवा बनियन लिहिलेलं असतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने कलतं आणि अंगठा उलट बाजूला, म्हणजे शेजारच्या बोटांकडे झुकतो. दोघांच्या सांध्यावर जो कोपरा तयार होतो तो बाहेरून गाठीसारखा दिसतो. नवीन हाड उगवलेलं नसतं, असलेलंच जागेवरून सरकलेलं असतं. त्यावर चप्पल घासून कातडी जाड होते, आत पाण्याची पिशवी सुजते, आणि मग ठणकतं.

सांध्याजवळ दुखणारं सगळंच मात्र हे नसतं. रात्री झोपेतून उठवणारी कळ, सांधा लालभडक आणि गरम, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं पूर्ववत, अशी गोष्ट असेल तर युरिक अॅसिड वाढून होणाऱ्या गाऊटची शंका घ्यावी. त्याला ऑपरेशन नव्हे, औषध लागतं. अंगठा सरळच आहे, पण वर वळत नाही आणि सांध्याच्या वरच्या बाजूला टेंगूळ आहे, तर सांधा झिजलेला असतो आणि त्याचं ऑपरेशन वेगळं. दोन्ही हातांची बोटंही सकाळी आखडत असतील तर आधी संधिवाताची रक्ततपासणी. तळव्याला किंवा बोटावर कुरूप असेल तर ते कुरूपच. मात्र अंगठा वाकडा झाल्यामुळे भार दुसरीकडे पडूनही कुरूप होतं, म्हणून नुसतं कापून घेतलं की ते पुन्हा येतं. मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यात कातडी जाळणारं आम्ल असतं. साखर असलेल्यांनी ती पायाला लावूच नये.

हे का होतं, तर बऱ्याच घरांत आईच्या, आजीच्या पायाला तसंच असतं. बायकांत जास्त. सपाट तळवा आणि सैल सांधे असतील तर शक्यता वाढते. अरुंद टोकाची पादत्राणं आधीच कलणाऱ्या अंगठ्याला आणखी ढकलतात.

पेपरवरचा पाय

ऑपरेशनचा विचार करण्याआधी हे घरी करा. संध्याकाळी, दिवसभराची सूज पायावर असताना, वर्तमानपत्राच्या पानावर उभे राहा. बसून नव्हे, उभं राहिल्यावर पाय पसरतो. कोणाला तरी पेन सरळ उभं धरून पायाच्या कडेने रेघ ओढायला सांगा. आता रोजची चप्पल, शाळेत किंवा कारखान्यात घालायचा बूट, लग्नाकार्यातली सँडल, सगळं एकेक करून त्या आकृतीवर ठेवा. रेघ जिथे तळाच्या बाहेर राहते तिथे तुमचा पाय रोज चेपला जातो. ही रेघ पाहिल्यावर कित्येकींना दुखण्याचं निम्मं उत्तर मिळतं, कारण गेली पाच वर्षं त्या लांबीचाच नंबर मोठा घेत आलेल्या असतात आणि रुंदी होती तेवढीच असते.

कोल्हापुरी चपलेचं काय, हे इथे विचारलं जातंच. 2019 मध्ये कोल्हापुरीला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूरही आहेत. अथणी-निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ती बनवतात. पुढून उघडी असल्यामुळे ती पंपशूपेक्षा बरी. पण नव्या चपलेचा आडवा पट्टा कडक असतो आणि नेमका त्या हाडावर येतो, शिवाय चपलेचा अंगठा पायाच्या अंगठ्याला एका जागी धरून ठेवतो. बनवणाऱ्याकडे पेपरवरची ती आकृती घेऊन जा आणि पट्टा त्या मापाने सैल, मऊ कातड्याचा करून मागा. दुकानातल्या तयार जोडापेक्षा फार महाग पडत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. सेफ्टी शूला पुढे लोखंडी टोपी असते, ती तसूभरही पसरत नाही. जास्त रुंदीचे सेफ्टी शू मिळतात. कंपनीकडे डॉक्टरांची चिठ्ठी देऊन ते मागून घ्यावेत. बूट काढून साधी चप्पल घालून भट्टीपाशी उभं राहण्याचा मार्ग मात्र कोणी धरू नये.

रुंद पादत्राण, अंगठा आणि दुसऱ्या बोटामध्ये सिलिकॉनचा तुकडा, हाडावर मऊ पॅड, तळवा सपाट असेल तर आतला सोल, भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम, आणि दुखेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, हे सगळं तीन ते सहा महिने नेटाने करा. याने दुखणं कमी होतं. अंगठा मात्र सरळ होत नाही, हे स्पष्ट सांगते. रात्री बांधायचे पट्टे मोबाईलवरच्या जाहिरातीत अंगठा सरळ करून दाखवतात. मोठ्या माणसांच्या पायात ते पट्टा असेपर्यंतच. आणि हाड "बसवून" देणाऱ्याकडे जाऊन ओढून घेऊ नका. सरकलेला सांधा झटक्याने जागेवर येत नाही, आजूबाजूचे बंध मात्र दुखावतात.

कोणी करावं, कोणी थांबावं

माझ्या मते एकच कसोटी लावावी: दुखण्यामुळे रोजच्या जगण्यातलं काय सुटलं? बाजार फिरून येता येत नाही, रुंद चप्पल घालूनही रात्री ठणकतं, दुसरं बोट अंगठ्यावर चढायला लागलंय, हाडावरची कातडी वरचेवर फाटते, तर ऑपरेशनचा विचार योग्य आहे. फक्त दिसायला वाईट दिसतं, दुखत नाही, तर करू नका. न दुखणाऱ्या पायावर ऑपरेशन करून दुखणारा पाय घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. "पुढे वाढेल म्हणून आत्ताच" हेही कारण पुरेसं नाही. ते वाढतं, पण किती आणि किती वेगाने ते माणसागणिक वेगळं असतं. दर वर्षी पेपरवर रेघ काढून तारीख घालून ठेवा, वाढतंय का ते आपोआप कळेल.

हाडं वाढत असलेल्या मुलामुलींचं ऑपरेशन सहसा वाढ पूर्ण होईपर्यंत लांबवतात, कारण लवकर केलं तर परत येण्याचा संभव जास्त. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यामुळे सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं इथे गावोगाव आहेत. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत हा दोष पाहिला जातो, म्हणून एखादा घाईने ऑपरेशन करायला निघतो. ऑपरेशन झालेल्या पायाबद्दल नियम काय, ते आधी भरती कार्यालयात विचारा. पाय दुखत नसताना हाड कापून घेऊन वर अपात्रही ठरणं, याहून वाईट सौदा नाही.

काही जणांनी आधी दुसरी कामं उरकावी लागतात. साखर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही. बरेच सर्जन तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए1सी, साधारण 8 च्या खाली आणायला सांगतात. पायाला बधिरपणा असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर त्याची तपासणी आधी. आणि तंबाखू. निपाणी भागात तंबाखू हे पीकही आहे आणि सवयही. निकोटीनने हाडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि कापलेलं हाड जुळायला उशीर लागतो किंवा जुळतच नाही. विडी, सिगारेट, मळलेला तंबाखू, मिश्री, सगळं यात आलं. बायका मिश्रीला तंबाखूत धरत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. आधी किमान चार ते सहा आठवडे आणि नंतर हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद. जमणार नसेल तर तारीखच घेऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना

एक्स-रे उभं राहून काढलेला हवा, दोन्ही पायांचा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत पायावर भार नसतो आणि कोन खोटा कमी दिसतो. "उभ्याने काढा" असं लॅबमध्ये आपणच सांगायचं. अंगठ्याचा कोन साधारण 15 अंशांपर्यंत ठीक मानतात. 20 पर्यंत सौम्य, 20 ते 40 मध्यम, 40 च्या वर तीव्र. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांतला कोन 9 अंशांच्या वर गेला तर तोही दोष. कोणतं ऑपरेशन करायचं हे या आकड्यांवरून ठरतं. करायचं की नाही, ते तुमच्या दुखण्यावरून.

ऑपरेशनचे प्रकार पुष्कळ आहेत, पण आपल्याला लागतं तेवढंच सांगते. सौम्य ते मध्यम वाकडेपणात लांब हाड पुढच्या टोकाजवळ किंवा मधोमध कापून सरकवतात आणि स्क्रूने बसवतात; शेव्हरॉन आणि स्कार्फ ही नावं त्यातली. बरोबरीने अंगठ्याचंही छोटं हाड कापून सरळ केलं तर ते एकिन. वाकडेपणा जास्त किंवा मुळाचा सांधा सैल असेल तर पायाच्या मधल्या भागातला सांधाच कायमचा जोडतात, त्याला लॅपिडस म्हणतात. यात पाय टेकायला बहुधा उशीर लागतो. अंगठ्याचा सांधा पुरता झिजला असेल तर तोच सांधा जोडून टाकतात. दुखणं जातं, पण अंगठा वर वळणं संपतं. उकिडवं बसून रांगोळी काढणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या, भारतीय पद्धतीचा संडास वापरणाऱ्या बाईने हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण बोटांवर भार देऊन बसताना अंगठा मागे वळावा लागतो. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या प्रश्नावल्यांत ही अडचण नसते, म्हणून कधी कधी डॉक्टरही ती विचारत नाहीत. तुम्ही सांगा. हल्ली बारीक छिद्रांतूनही ही कामं करतात. जखम लहान राहते, पण आत हाड कापलेलंच असतं आणि त्याला जुळायला तेवढाच वेळ लागतो.

कोणी "नुसती गाठ तासून देतो, दोन दिवसांत चालाल" म्हणालं तर दुसरं मत घ्या. खांब कलल्यावर बाहेर आलेला कोपरा तासला तरी खांब कललेलाच राहतो. वाकडेपणा असताना नुसतं तासलं तर तो परत येतो.

विचारायचे प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या. माझं कोणतं ऑपरेशन, आणि तेच का? वर्षाला अशी किती करता? पायाचा पंजा कधी टेकायचा? उकिडवं बसता येईल का, आणि कधीपासून? स्क्रू आत राहतात का? परत वाकडं झालं तर पुढे काय? संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं. ते मराठीत वाचून दाखवा म्हणण्यात संकोच नको. बेळगावच्या बहुतेक दवाखान्यांत मराठी बोलणारं कोणी ना कोणी असतंच.

कुठे, किती पैशात

बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे आणि केएलई संस्थेचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, कागवाड-अथणीकडच्यांना मिरज. कुठेही करा, पण ऑपरेशननंतर टाके, एक्स-रे, व्यायाम यांसाठी अनेक खेपा होतात हे धरून ठिकाण निवडा. कर्नाटकात बायकांना जून 2023 पासून शक्ती योजनेत सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे खरा, पण तो राज्यातल्या राज्यात. आणि त्या गर्दीत पहिल्या दीड महिन्यात चढूच नका. बसची पहिली पायरी केवढी उंच असते ते ठाऊक आहेच, वर कोणीतरी पायावर पाय देणार. गाडी करण्याचे पैसे खर्चात धरा.

खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि त्यात काय काय आहे ते विचारा: स्क्रू, भूल, खोली, नंतरची ड्रेसिंग, खास बूट, फिजिओथेरपी. स्क्रूची किंमत वेगळी लावल्याने बिल फुगतं. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण खासगी रुग्णालयात त्याचा लाभ घ्यायला सहसा आधी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यावरून दोन राज्यांत वादही झाला. तुमचं गाव आणि ते रुग्णालय यादीत आहे का, आणि मुख्य म्हणजे हे ऑपरेशन पॅकेजात बसतं का, हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडून, तारीख घेण्याआधीच विचारून घ्या. भरती झाल्यावर विचारून उपयोग नाही. खासगी विमा असेल तर "दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन" म्हणून दावा नाकारला जाऊ नये यासाठी डॉक्टरांच्या कागदावर दुखणं आणि चालण्यातली अडचण स्पष्ट लिहिलेली हवी.

तारीख कॅलेंडर बघून

पुढचे तीन महिने मोकळे मिळतील अशी तारीख शोधायची. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर सोडून द्या: चिखल, ओल, आणि भाताची लावण. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या पायावर कोणताही सर्जन चाकू लावणार नाही. तिकडच्यांना सुगी आटोपून डिसेंबर-जानेवारी बरा. निपाणीच्या तंबाखूवाल्यांना नेमका तोच काळ कामाचा. उसाचं शेत असेल तर आपली तोड कधी येते ते बघा, कारण टोळी दारात आल्यावर घरातलं कोणीच तुमच्या उशाशी बसणार नाही. शिक्षिकांनी एप्रिलच्या सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात केलं तर शाळा उघडेपर्यंत सहा-सात आठवडे मिळतात. मदतीला कोल्हापूर-पुण्याहून बहीण येणार असेल तर एक ध्यानात ठेवा: आपल्याकडच्या शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला, त्यांच्याकडची दिवाळीला. तारखा जुळत नाहीत.

दोन्ही पाय एकदम करावेत का? होतात, पण मी तरी घरच्या बाईला तो सल्ला देणार नाही. एक चांगला पाय असला की संडासाला तरी आपलं आपण जाता येतं.

आधीच्या पंधरा दिवसांत

- जोडवी काढून ठेवा. ऑपरेशननंतर बोटं सुजतात आणि जोडवं रुततं. निघत नसेल तर साबण लावून बघा, नाहीतर सोनाराकडून कापून घ्या. आदल्या रात्री ओढाताण करून कातडी सोलू नका. नेलपॉलिशही काढा.
- टाचेच्या भेगा, चिखल्या, नखाजवळ पू झालेली बोटं यांवर आधी इलाज करून घ्या.
- रक्त पातळ करायच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, सगळ्यांची यादी भुलीच्या डॉक्टरांना दाखवा. मनाने काही बंद करू नका.
- झोपायची जागा तळमजल्यावर, न्हाणी-संडासाजवळ. संडास परसात किंवा उकिडवा असेल तर मध्ये भोक असलेली खुर्ची किंवा कमोडची खुर्ची भाड्याने आणा. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची. उंबऱ्यांवरून वॉकर उचलून न्यायचा सराव आधीच करा. जुन्या वाड्यांतले उंबरे आणि खोलगट न्हाण्या यांनी पडलेली माणसं कमी नाहीत.
- भुलीआधी सहा तास काही खायचं नाही. दुधाचा चहा खाण्यात मोडतो, पाण्यात नाही. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील.

ऑपरेशनचा दिवस आणि पहिले पंधरा दिवस

कमरेतून किंवा घोट्याजवळ भूल देतात. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. घोट्याजवळची भूल असेल तर पाय कित्येक तास बधिर राहतो आणि माणूस म्हणतं, "काही दुखत नाही की." मग मध्यरात्री भूल उतरते आणि कळ एकदम येते. म्हणून गोळी दुखायला लागायची वाट न बघता, सांगितलेल्या वेळेला घ्यायची. पहिले दोन-तीन दिवस अवघड असतात, त्यानंतर उतार पडतो.

या पंधरवड्यात एकच काम: पाय छातीपेक्षा उंच. नुसत्या उशीवर टाच ठेवून नव्हे, पोटरीखालून गादीची घडी देऊन. दिवसातला बहुतेक वेळ असाच. पाय खाली सोडला की बोटं जांभळी पडतात आणि ठणका लागतो, ते घाबरण्यासारखं नाही, वर घेतला की उतरतं. पण तेच शरीर सांगत असतं की पुरे झालं. बर्फ पिशवीत घालून ड्रेसिंगवरून, मध्ये कापड ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. घोटा, गुडघा हलवत राहा, पोटऱ्या आवळा-सोडा; पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. ड्रेसिंग ओलं करायचं नाही. अंघोळीला पाय प्लास्टिकच्या पिशवीत, वरून पट्टी, आणि तो खुर्चीवर बाहेर.

चालायचं ते खास बुटात, टाचेवर भार देऊन, वॉकर धरून, गरजेपुरतं. लॅपिडस झालं असेल तर पाय अजिबात टेकायचा नाही असंही सांगितलेलं असू शकतं. तुमच्या सर्जनने जे सांगितलं तेच खरं. शेजारच्या वैनीचं ऑपरेशन वेगळं होतं.

भेटायला येणारे सल्ले घेऊन येतात. आंबट खाऊ नको, पू होतो. वांगं नको, बटाटा नको, वातूळ. यातलं काही पाळायची गरज नाही. लिंबू, आवळा खुशाल खा. हाड जुळायला डाळ, दूध, अंडी, मासे लागतात, आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी. गरम तेलाने चोळणं आणि शेकणं मात्र सक्त बंद, सासूबाईंनी कितीही प्रेमाने वाटी आणली तरी.

दहाव्या ते चौदाव्या दिवशी टाके निघतात. तेव्हा पाय पाहून बहुतेक जणी हिरमुसतात: सुजलेला, पिवळा-जांभळा, अंगठा आखडलेला. तो तसाच दिसतो.

दोन आठवडे ते तीन महिने

टाके निघाल्यावर अंगठ्याचा व्यायाम सुरू होतो, अर्थात सर्जनने परवानगी दिल्यावर. एका हाताने पायाचा पंजा धरायचा, दुसऱ्या हाताने अंगठा मुळाशी पकडून हळू वर, हळू खाली. शेंड्याला धरून वाकवायचा नाही. तसं केलं तर पुढचाच सांधा वाकतो आणि ज्याला हलवायचं तो तसाच राहतो. दिवसातून थोडं थोडं, तीन-चार वेळा. ताण जाणवला पाहिजे, डोळ्यांत पाणी येता कामा नये. सांधा जोडला असेल तर अर्थातच हा व्यायाम नाही. या महिन्यात कंटाळा केलेल्यांचा अंगठा दिसायला सरळ आणि वागायला लाकडी होतो, आणि तेवढ्यासाठी सहा महिन्यांनी माझ्याकडे यावं लागतं.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास एक्स-रे. हाड जुळत आलेलं दिसलं तर खास बूट सुटतो आणि रुंद, बांधता येणारे स्पोर्ट्स शू येतात. ते एक नंबर मोठे लागतात. सुरुवातीला घरातही चप्पल घालून वावरा. देवघरापुढे वेगळी धुतलेली घातली तर देव रागावत नाही.

गाडी चालवायचं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, आणि तेही अचानक जोरात ब्रेक मारता येतो अशी खात्री झाल्यावर. मोटारसायकलवाल्यांनो, डाव्या पायाचं ऑपरेशन असेल तर गिअर वर टाकताना दांडा थेट अंगठ्यावर येतो, उजव्याचं असेल तर ब्रेक आणि किक. स्कूटीला हे नाही, पण सिग्नलला पाय टेकावा लागतोच.

कामावर कधी? टेबलाचं काम आणि पाय वर ठेवायची सोय असेल तर दोन-तीन आठवड्यांनी. विड्या वळणाऱ्या म्हणतात, "आमचं बसूनच काम." पण मांडी घालून तासन्‌तास बसलं की पाय खालीच राहतो आणि सूज चढते, त्यांनी खुर्चीवर बसून, समोर स्टुलावर पाय ठेवून, सुपडं मांडीवर घेऊन बघावं. वर्गात उभ्याने शिकवणं किंवा वडगाव-खासबागच्या पॉवरलूमवर उभं राहणं म्हणजे दोन ते तीन महिने. शेतकाम, ओझं, फाउंड्री यांना तीन महिने धराच, कधी अधिक. ओल्या चिखलात अनवाणी उतरायची घाई नको.

उकिडवं बसणं तीन महिन्यांनंतर, हळूहळू, खिडकीचा गज धरून. सौंदत्तीची यात्रा, पंढरीची वारी त्या वर्षापुरती सोडा किंवा गाडीने करा.

कधी फोन करायचा

ताप, जखमेतून पू किंवा घाण वास, लाली वर चढत जाणं, गोळीनेही न थांबणारी आणि रोज वाढणारी कळ, बोटं पांढरी किंवा थंडगार पडणं: त्याच दिवशी डॉक्टर. पोटरी एका बाजूची सुजून दुखायला लागली तरीही त्याच दिवशी. छातीत दुखणं किंवा अचानक दम लागणं म्हणजे थेट तातडीच्या विभागात, 108 बोलावून.

हळू उमगणाऱ्या तक्रारीही असतात. अंगठ्याच्या कडेला बधिरपणा, तो बऱ्याचदा कमी होतो, कधी राहतो. भार दुसऱ्या बोटाखाली सरकून तिथे दुखणं. स्क्रू टोचणं, तो पुढे काढता येतो. हाड न जुळणं. अंगठा परत वाकडा होणं, किंवा क्वचित उलट बाजूला जाणं. बहुतेक जण ऑपरेशननंतर समाधानी असतात, पण सगळे नाहीत, आणि जे नाराज असतात त्यांतल्या बऱ्याच जणांनी पूर्वीचाच अरुंद बूट पुन्हा घालता येईल अशी आशा धरलेली असते. तो बहुधा येत नाही.

सूज तीन ते सहा महिने राहते, संध्याकाळची थोडीफार वर्षभरही. त्यामुळे दुसऱ्या पायाचा निर्णय पहिल्याला निदान सहा महिने होईपर्यंत घेऊ नका. बऱ्याच जणींचा दुसरा पाय रुंद चपलेवरच निभावतो. डिस्चार्जचे कागद, दोन्ही वेळचे एक्स-रे आणि स्क्रूची माहिती असलेलं स्टिकर एका पिशवीत एकत्र ठेवा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथे पहिला प्रश्न हाच विचारतात, की पायात कोणता धातू आहे.